अचलपूरचं रक्त

"विहीनबाई, बाळंतपण तुमच्या घरी झालं. इंजेक्शन तुमी द्यायले पायजे होतं."

"आन इंजेक्शन झालं म्हनून फोनवर तुमीच सांगतलं होतं. मंग आमी काय समजायचं?"

अमरावतीच्या साईनगरात, माणिकबाईंच्या बैठकीत, ही दोन वाक्यं दुपारपासून इकडून तिकडे चालली होती. पहिलं मैनाबाईंचं, दुसरं माणिकबाईंचं. मैनाबाई अकोल्याहून पाहुण्या आलेल्या, म्हणून त्यांचा आवाज जरा खाली होता. माणिकबाई आपल्याच घरात होत्या, तेव्हा त्यांना तशी काही अडचण नव्हती. मधल्या सोफ्यावर खुशालराव बसले होते आणि या भांडणात आपलं नाव निघू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

भांडणाचं मूळ तीन वर्षांमागचं. आचल ही मैनाबाई-खुशालरावांची सून आणि माणिकबाईंची लेक. रक्तगट बी निगेटिव्ह. नवरा कुलदीप ओ पॉझिटिव्ह, पहिली लेक उर्वी बापावर गेलेली, तीही पॉझिटिव्ह. अशा बाईला एक इंजेक्शन सातव्या महिन्यात लागतं आणि दुसरं बाळंत झाल्यावर तीन दिवसांच्या आत. सातव्या महिन्यातलं अकोल्यात झालं. मग रीतीप्रमाणे पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि माणिकबाईंनी नर्सला ठासून सांगितलं, "ते सासरीच झालं." अकोल्याची माणसं समजली, जे काय उरलं असेल ते माहेरी होईल. दोन्ही घरांनी एकमेकांवर इतका भरवसा टाकला की दुसरं इंजेक्शन राहूनच गेलं.

आता दुसऱ्या खेपेला आचलच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. डॉक्टर उज्मांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं, "तिच्या अंगाले वाटते की बाळाच्या तांबड्या पेशी परक्या हायेत. म्हनून ते त्यांना मोडून काढते." तेव्हापासून दर आठवड्याला अकोला-अमरावती चालू होतं. डॉक्टर सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजत. पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं, पातळ झालं की जोरात पळतं. आज ते रेघेच्या पार पळालं होतं.

"परवा सकाळी पोटातच रक्त द्यायचं," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "नाळेतून. ओ निगेटिव्ह पाहिजे, आणि ताजं. ब्लड बँकेत दोन पिशव्या आहेत, पन त्या जुन्या. उद्या दुपारपर्यंत दाता आणा. थांबलो त बाळाच्या हृदयाले झेपनार नाई."

एवढं ऐकून सगळे घरी आले आणि काय करावं सुचेना म्हणून भांडायला लागले.

"तुमी दोघी भांडा, माझं काही म्हननं नाई," पलंगावरून आचल म्हणाली. "पन जरा हळू. हे आतून आयकून राहिलं."

माणिकबाईंनी लेकीच्या पाठीशी उशी सरकवली, मैनाबाईंनी पायावर चादर ओढली. आणि मग, हात रिकामे झाल्यावर, दोघींची नजर एकाच वेळी सोफ्याकडे वळली.

खुशालराव ओळखून चुकले की आता आपली पाळी.

"यायले काही बोलू नका विहीनबाई," मैनाबाई म्हणाल्या. त्यांचा हा सूर खुशालरावांच्या चांगला ओळखीचा होता. "यायनं त रक्ताचे छत्तीस गुन जुळोले होते."

ते खरं होतं. खुशालरावांनी सारी नोकरी कृषी खात्यात काढली. वऱ्हाडात संकरित कपाशी आली तेव्हा गावोगाव फिरून, बांधावर उभं राहून, दोन वेगळ्या जातींचा संकर केला की बोंड कसं टपोरं येतं हे त्यांनी शेतकऱ्यांना पटवलं होतं. त्या पटवण्यात ते स्वतः इतके पटले की पुढे माणसांनाही त्यांनी तोच नियम लावला. पत्रिका त्यांनी मोडीत काढली. सोयरिकीला कोणी आलं की विचारायचे, "पोराचा रक्तगट कोनता?" दोघांचा गट एकच निघाला की सोयरीक मोडली. एकच गट म्हणजे एकच रक्त, एकच रक्त म्हणजे बहीण-भाऊ. समाजाच्या परिचय मेळाव्यात माईक हातात घेऊन त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं की मूर्तिजापूरपासून परतवाड्यापर्यंत लोक पोरीच्या फोटोमागं रक्तगट लिहायला लागले. आचलचं स्थळ आलं तेव्हा तर त्यांनी मांडीवर थाप मारली होती. बी आणि ओ, निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह! अक्षर वेगळं, खूणही वेगळी. असा संकर शोधून मिळायचा नाही, असं ते लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत फिरले होते.

आता ते त्या पंगतीतले बुंदीचे लाडू आठवत खाली मान घालून बसले होते.

"बाबा, ते जाऊ द्या," कुलदीप म्हणाला. तो मघापासून फोनवर फोन लावत होता. "ओ निगेटिव्ह कोन कोन हाये, ते सांगा. तुमच्याइतकं कोनालेच माहीत नाई."

हेही खरं होतं. माणसांची नावं ते विसरत, पण गट कधी नाही. खुशालराव सरळ बसले.

"ऑफिसातला संघपाल."

"लावला. त्यानं अडीच महिन्यामागं दिलं. तीन महिने झाल्याशिवाय चालत नाई."

"हिवरखेडचा श्याम. तो मोटारवाला."

"त्याले कावीळ झाली होती दिवाळीत."

"आपली रागिणी."

रागिणी, कुलदीपची धाकटी बहीण, दाराशी उभी होती. अकोल्यातल्या बँकेची नोकरी, तिथून सुट्टी टाकून आली होती. "मी मघाशीच जाऊन आली," ती म्हणाली. "हिमोग्लोबिन दहा निघालं. बाई म्हने, तुमालेच एक पिशवी लावा."

"डब्बा तसाच वापस आनते बँकेतून!" मैनाबाई कडाडल्या. "किती डाव सांगतलं, पालेभाजी खात जाय!"

"आई, आता पालक खाल्ला त उद्यापर्यंत रक्त होत नाई."

खुशालरावांना आणखी एक नाव माहीत होतं. मैनाबाईंनाही माहीत होतं. रागिणी दारातून वळली आणि आत स्वयंपाकघरात गेली, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज आला. माणिकबाईंच्या घरात धुणंभांड्याला बाई होती आणि ती कधीच काम आटोपून गेली होती.

"अचलपूरचा," शेवटी मैनाबाई म्हणाल्या.

"हो," खुशालराव म्हणाले. "अचलपूरचा."

नितेश. अकोल्यात ढोरांच्या डॉक्टरकीला होता, तेव्हा रागिणीची आणि त्याची ओळख झाली. चार वर्षांपूर्वी त्याचा बाप जानराव स्वतः अकोल्याला येऊन बसला होता, घरच्या बागेतल्या संत्र्यांची पेटी घेऊन. पोरगा देखणा, सरकारी नोकरीत, पोरीच्या मनातला. मैनाबाईंनी नारळ काढून ठेवला होता. चहा झाला, आणि खुशालरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "ओ निगेटिव्ह," जानरावांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. खुशालरावांनी कप खाली ठेवला. "मंग जमत नाई जानरावभाऊ. हे दोघं बहीण-भाऊ झाले." पोरीचं तोंड त्यांनी त्या दिवशी पाहिलं नव्हतं. एवढंच नाही, उगीच कोणाचा मिंधेपणा नको म्हणून ती संत्र्याची पेटीही त्यांनी दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सवर टाकून परत पाठवली होती.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला रागिणीनं "पसंत नाई" एवढंच म्हटलं होतं.

"फोन लावू?" कुलदीपनं विचारलं.

"तो सेमाडोहच्या दवाखान्यात असते. जंगलात कुठली रेंज?" खुशालराव उठले. "आन हे फोनवर मांगायचं नसते. त्याच्या बापाच्या दारात जाऊन मांगायचं असते. सकाळी मी जातो."

"मी गाडीनं नेतो तुमाले."

"तू आचलजवळ थांब. एसटी हाये ना."

"मामाजी," आचल म्हणाली, "ते नाई म्हनले त?"

खुशालरावांनी सुनेकडे पाहिलं. पोरगी दोन महिन्यांपासून दर आठवड्याला हसत येत होती, हसत जात होती, गाडीत सगळ्यांना चिवडा वाटत होती. आज तिचे डोळे पहिल्यांदाच भरलेले दिसले.

"पाय धरीन," ते म्हणाले. "पन घेऊन येईन."

---

अचलपूरला जानरावांच्या अंगणात संत्र्यांचा ढीग पडला होता आणि दोन बाया आकारानुसार फळं निवडत होत्या. जानराव खाटेवर बसून त्यांना सूचना देत होते. फाटकातून खुशालराव आत आलेले त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"अरे बाप्पा! अकोला कसं काय वाट चुकलं?"

"राम राम, जानरावभाऊ."

"राम राम. बसा. चहा घ्या."

"चहा राहू द्या. एक अडचन घेऊन आलो."

"अडचन चहानंतर," जानराव म्हणाले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "आयकता काय वं! अकोल्याचे खुशालराव आले. चहा टाका. पोहेही टाका!"

पोहे आले. वर तर्री, बाजूला चिरलेला कांदा. रात्री पोटात नीट काही गेलं नसल्यानं खुशालरावांनी ते खाल्ले, आणि खाताना लाज वाटली तरी दुसऱ्यांदा घेतले. जानराव त्यांच्या ताटलीकडे मोठ्या समाधानानं पाहत होते.

"आता सांगा."

खुशालरावांनी सांगायला सुरुवात केली. सून, बाळ, डॉक्टर, रक्त.

"थोडं मोठ्यानं बोला," जानराव म्हणाले. "मले कानानं कमी आयकू येते. आन आमची मंडळी आत हाये, तिलेही आयकू जाऊ द्या."

खुशालरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. संत्री निवडणाऱ्या बायांचे हात थांबले.

"म्हनजे तुमाले ओ निगेटिव्ह पायजे."

"हो."

"तेच ना, जे तुमाले चालत नव्हतं?"

"तेच," खुशालराव म्हणाले.

"मले एक सांगा खुशालराव. चार वर्षं झाले, मी इचार करून राहिलो. एकच रक्तगट असला की बहीण-भाऊ होतात, हे तुमाले शिकोलं कोनं?"

खुशालरावांनी घसा साफ केला. "कपाशीनं."

"कोनं?"

"कपाशीनं. दोन येगळ्या जातीचा संकर केला की बोंड चांगलं येते. मले वाटलं, मानसाचंही तसंच असन."

आत दाराआड बांगड्या वाजल्या आणि कोणीतरी तोंडात पदर कोंबून हसल्याचा आवाज आला. जानराव हसले नाहीत. त्यांनी एक संत्रं उचललं, सोललं आणि अर्धं खुशालरावांच्या हातावर ठेवलं.

"माझं पोरगं तवा आठ दिवस जेवलं नाई," ते म्हणाले. "आन तुमी माझी पेटी वापस धाडली. पोरगी नाई दिली, ते समजू शकतो. पेटी कावून धाडली हो? त्या संत्र्यायचा रक्तगट कोनता होता?"

खुशालरावांच्या हातातलं अर्धं संत्रं तसंच राहिलं. मेळाव्यात शेकडो माणसांसमोर ते कधी अडखळले नव्हते. इथं दोन बाया, एक म्हातारा आणि दाराआडच्या बांगड्या, एवढ्यांपुढं त्यांना शब्द सापडेना.

"जानरावभाऊ, मी मूर्ख हावो," ते शेवटी म्हणाले. "मले जे अर्धं समजलं ते मी पूर्ण समजून चाललो. माझ्या पोरीचं मन मोडलं, तुमच्या पोराचं मोडलं. त्याची जी शिक्षा असन ते मले द्या. पन ते बाळ अजून जगात आलं नाई, त्याचं काही चुकलं नाई. तुमच्या नितेशले फोन करा. तुमी म्हनान त मी अठी पाय धरतो."

आणि ते खरोखरच खाटेवरून खाली वाकले.

"अहो! अहो, काय करता!" जानरावांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले. "बसा वर. बसा म्हनतो ना! पाय धरून काय होते? पोरगं घरी कुठं हाये?"

"सेमाडोहले असन. निरोप धाडा कोनाजवळ."

"सेमाडोहलेही नाई." जानरावांनी चष्मा पुन्हा चढवला. "अमरावतीले हाये. सकाळी पाचलाच मोटारसायकल काढली त्यानं. आतापर्यंत देऊनही झालं असन."

खुशालराव पुन्हा खाटेवर टेकले.

"काल संध्याकाळी तुमच्या पोरीचा फोन आला त्याले."

"पन तिथं रेंज…"

"एक टेकडी हाये तिथं. रोज सातले चढते. त्याच टायमाले तिचा फोन येते. चार वर्षं झाले. आमाले माहीत, तुमच्या मंडळीले माहीत. मले वाटलं, तुमालेही असन." जानरावांच्या मिशा हलायला लागल्या. "म्हनजे तुमाले एकट्यालेच नाई?"

खुशालरावांना काल संध्याकाळ आठवली. भांडी घासून झाल्यावर पोरगी फोन घेऊन गच्चीवर गेली होती. ती रोजच जायची, अकोल्यातही. व्यायाम करते, असं मैनाबाई सांगत. आणि या बाईनं काल "अचलपूरचा" म्हणताना तोंडावरची रेघही हलू दिली नव्हती.

"मंग तुमी मले पह्यलेच कावून नाई सांगतलं?" ते ओरडले. "फाटकातच सांगायचं ना!"

"सांगनारच होतो," जानराव म्हणाले. "पन तुमी बोलत चांगले होते. चार वर्षं वाट पायली होती ना बाप्पा, थोडं आयकू त द्याल."

आता दाराआड कोणी तोंडात पदर कोंबला नाही. जानरावांची मंडळी सरळ बाहेर येऊन हसली, संत्र्याच्या बाया हसल्या, आणि मग खुशालरावही, डोळे पुसत पुसत, हसायला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांची छाती मोकळी झाली.

"चला," जानराव उठले. "मीही येतो. तुमच्या डॉक्टरीनले भेटून घेऊ."

---

नितेशचं रक्त आचलच्या रक्ताशी तपासून पाहिलं, जुळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आचलला आत नेलं. बाहेरच्या बाकावर सगळे ओळीनं बसले. एका टोकाला कुलदीप, ज्याचे पाय थांबायला तयार नव्हते. मग दोघी विहिणी. मग जानराव. दुसऱ्या टोकाला रागिणी आणि नितेश, मध्ये पाण्याची बाटली ठेवून. नितेश उंच, उन्हानं रापलेला, दंडावर पट्टी. काल त्यानं वाकून पाया पडायला हात पुढं केला होता तेव्हा खुशालरावांनी तो हात मध्येच धरला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता.

डॉक्टर उज्मा हात पुसत बाहेर आल्या. बुटक्या, चपळ, बोलण्यात पुस्तकी आणि वऱ्हाडी दोन्ही.

"सुई बराबर नाळेत लागली. रक्त गेलं. ठोके छान हायेत. आता आयका, घाबरू नका. सुई टोचताना बाळ हललं त पंचाईत होते, म्हनून त्याले थोडा वेळ सुस्त करायचं औषध देतो. दोन-तीन तास ते हलनार नाई. मग हलायले पाहिजे. हललं की मले लगेच सांगायचं, हे आचललेही सांगितलं."

"आन नाई हललं त?" मैनाबाईंनी विचारलं.

"हलेल, इन्शाअल्ला. मशिनीवर माझं लक्ष हाये." मग त्या कुलदीपकडे वळल्या. "हे एकदा करून भागत नाई हां. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लागेल. दुसरा दाता बघून ठेवा."

"तवापर्यंत संघपालचे तीन महिने भरतात," खुशालराव लगेच म्हणाले. "त्याच्यानंतर रागिणी. तिले मी सोता खाऊ घालतो."

डॉक्टर निघाल्या. खुशालराव त्यांच्या मागोमाग दोन पावलं गेले.

"डॉक्टर, एक इचारू? नवरा-बायको दोघंही ओ निगेटिव्ह असले त काय होते?"

"काय होईल? पोरंही तशीच होतील. निगेटिव्ह मायच्या पोटात निगेटिव्ह बच्चा, भांडन कशाचं? ना ते इंजेक्शन, ना ही सुई." त्या हसल्या. "अशी जोडी त माझ्या धंद्याले परवडत नाई. कोन हाये?"

"कोनी नाई. असंच इचारलं."

पण खुशालरावांचा आवाज मेळाव्याचा होता. ते वळले तेव्हा बाकावरची सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. रागिणी मात्र पाण्याची बाटली पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

थोड्या वेळानं आचलला खोलीत आणलं. तिनं दोन्ही तळवे पोटावर ठेवले होते. सगळे भोवती बसले आणि वाट पाहायला लागले.

पहिला तास बरा गेला. माणिकबाईंनी डबा उघडला. मैनाबाईंनी आपला उघडला. दोघींनी एकमेकींच्या लोणच्याची तारीफ केली, जी याआधी कधी झाली नव्हती. इंजेक्शनचं नाव कोणी काढलं नाही. मग दोघी मिळून खुशालरावांवर घसरल्या.

"यायच्या कपाशीपायी पोरीचे चार वर्षं गेले, विहीनबाई."

"आन माझ्या लग्नात पंगतीत फिरून सांगत होते, संकर हाये संकर!" आचल म्हणाली. "माझ्या मैत्रिणी अजून हसतात."

"हसा," खुशालराव म्हणाले. "हसाच."

दुसरा तास लांबला. गप्पा आपोआप कमी झाल्या. कुलदीप खिडकीशी उभा राहिला. आचलचा चेहरा हळूहळू उतरत गेला, ती मध्येच पोटाला हलकं दाबून पाही आणि कोणी विचारायच्या आत मान हलवून नाही म्हणे. नर्स येऊन ठोके पाहून गेली, ठीक आहेत म्हणाली, तरी कोणाच्या जिवाला चैन पडेना.

खुशालरावांना ते सहन होईना. ते उठून रागिणीजवळ गेले.

"बाई," ते हळूच म्हणाले. "मी तुले इचारलंच नाई तवा. तुह्याकडे पायलंही नाई. मले माफ कर म्हनायचीही लाज वाटून राहिली. आता जानरावभाऊ अठीच हायेत, त मी त्यायले आत्ताच…"

रागिणीनं त्यांचा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "बाबा, मी रुसली नाई तुमच्यावर. म्हनजे रुसली होती, लय रुसली होती. पन आत्ता नको. आधी ते हलू द्या."

"बराबर हाये पोरीचं," जानराव पलीकडून म्हणाले. "आपलं बोलनं पळून चाललं नाई. आधी बाळ."

खुशालरावांनी मान हलवली आणि ते परत आपल्या जागी आले. सुनेच्या पलंगाजवळ बसायची त्यांना सवय नव्हती. सासऱ्यानं दारापाशी बसावं, बोलावं तर तिथूनच, असं त्यांच्या घरात चालत आलेलं. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि आचलच्या हातांकडे पाहत राहिले. मनात त्यांनी कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. ते त्या न पाहिलेल्या जिवालाच म्हणत होते, हल रे बाप्पा. तुह्या आजानं चुकी केली, तू त्याची भरपाई नको करू. हल.

"मामाजी!"

आचल एवढ्या जोरात ओरडली की कुलदीपच्या हातातला फोन पडला.

"काय? काय झालं?"

"लाथ!" ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. "मारली! जोरात मारली! अठी, उजव्या बाजूनं!"

सगळ्यांनी आचलच्या उजव्या बाजूला पाहिलं. तिकडे दार होतं, आणि दारापाशी स्टुलावर खुशालराव.

"बराबर मानसाले मारली," मैनाबाई म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. माणिकबाईंनी त्यांना जवळ घेतलं. रागिणी डॉक्टरांना सांगायला पळाली आणि तिच्यामागं नितेश.

खुशालराव उठले, त्यांनी स्टूल उचललं आणि सगळ्यांसमोर ते सुनेच्या पलंगाला अगदी लागून, उजव्या बाजूला, आणून ठेवलं. त्यावर बसून ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढं वाकले.

"मार बाप्पा," ते म्हणाले. "अजून मार. एकीनं माझं भागत नाई."